स्टेप्स पूर्ण झाल्या, पण बसणं किती झालं? तुमच्या घड्याळाला न दिसणारे दहा तास

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं खासगी आस्थापनांमधल्या कामाची रोजची मर्यादा नऊ तासांवरून दहा तास करायला मंजुरी दिली. वीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेली दुकानं आणि ऑफिसं यात येतात, म्हणजे आयटी कंपन्याही येतात. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही १२५ वरून १४४ तास होणार, असं ठरलं. बातमी आल्यावर वाद झाला तो पगारावर, गुंतवणुकीवर आणि रात्री घरी किती वाजता पोचणार यावर. एक साधा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. हा वाढीव तास आपलं शरीर कशात घालवणार? लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी उत्तर एका शब्दाचं आहे: बसण्यात.

त्याच वर्षी हैदराबादच्या ३४५ आयटी कर्मचाऱ्यांची तपासणी केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ८४ टक्के लोकांच्या यकृतात जास्तीची चरबी सापडली आणि ७१ टक्के लोक लठ्ठपणाच्या गटात होते. संसदेतही त्याचा उल्लेख झाला. एका शहरातल्या ३४५ लोकांवरून देशातल्या सगळ्या इंजिनियर्सबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, हे खरं. पण हे लोक साठीचे नव्हते, नोकरीच्या ऐन वयातले होते. त्यामुळे आकडा सोडून देण्यासारखाही नाही.

आपल्यापैकी बरेच जण म्हणतील, "माझ्या हातात स्मार्टवॉच आहे, मी रोज स्टेप्स पूर्ण करतो, मला काय चिंता?" गाडी अडते ती इथेच. घड्याळ जे मोजतं आणि हृदयाला ज्याचा त्रास होतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कशा, ते एकेक करून बघू.

बसणं वेगळं, व्यायाम न करणं वेगळं

जागेपणी बसून, रेलून किंवा आडवं पडून केलेली आणि फारच कमी ऊर्जा लागणारी कुठलीही गोष्ट शास्त्रज्ञांच्या भाषेत 'बैठी' धरली जाते. झोप यात मोजत नाहीत. कोडिंग, मीटिंग, बसमधला प्रवास, सोफ्यावर रील्स बघणं हे सगळं त्यात येतं.

'व्यायाम कमी' ही वेगळी गोष्ट. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याएवढा व्यायाम झाला नाही, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात तुम्ही 'अपुरे सक्रिय' ठरता. म्हणजे रोज सकाळी पाऊण तास जिममध्ये घाम गाळणारा माणूस सक्रियही असू शकतो आणि त्याच दिवशी प्रचंड बैठाही असू शकतो.

हिशोब करून बघा. समजा तुम्ही पुण्यात राहता आणि हिंजवडीत नोकरी करता.

• जाता-येता बस किंवा कारमध्ये: २ तास
• ऑफिसच्या नऊ तासांतला उठण्या-चालण्याचा दीड तास सोडून: साडेसात तास
• घरी नाश्ता, जेवण, गप्पा: १ तास
• रात्री फोन किंवा वेब सिरीज: २ तास

बेरीज झाली साडेबारा तास. माणूस दिवसाला सोळा-सतरा तास जागा असतो. त्यात सकाळचा पाऊण तास व्यायामाचा धरला तरी चित्र फारसं बदलत नाही. आता यात ऑफिसचा आणखी एक तास मिळवा.

हे फक्त आयटीवाल्यांचं नाही. एसटीचे चालक, बँकेच्या काउंटरवरचे कर्मचारी, शिलाई मशीनवर काम करणाऱ्या बायका, स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत बसणारी मुलं यांचे तास याहून कमी नसतात. त्यातल्या अनेकांच्या हातात आठवण करून देणारं घड्याळही नसतं.

सुरुवात झाली डबलडेकर बसपासून

बसण्याचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा नीट दिसला तो लंडनमध्ये. जेरी मॉरिस या डॉक्टरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वाहतूक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. मुंबईच्या बेस्टची डबलडेकर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे प्रयोग लगेच कळेल. त्याच बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर सीटवर आणि कंडक्टर दिवसभर जिन्यावर वर-खाली. कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत होते. दोघांचं शहर तेच, मालक तोच, राहणीमानही साधारण सारखंच. तरी कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता, आणि झाला तरी तो तुलनेनं उशिरा आणि कमी गंभीर होता.

मग मॉरिस यांच्याच गटानं १९५६ मध्ये एक भन्नाट गोष्ट केली. त्यांनी गणवेशाची मापं काढली. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, आणि तीही तरुण वयाच्या गटातसुद्धा. म्हणजे मुळातच जाड असलेली माणसं ड्रायव्हरची नोकरी घेत असतील का, अशी शंका उभी राहिली. बसण्यानं आजार होतो, की आजाराकडे झुकलेली माणसं जास्त बसतात? हा प्रश्न या विषयावरच्या प्रत्येक अभ्यासाला आजही विचारावा लागतो. 'बसणं म्हणजे नवं धूम्रपान' असं लिहिलेलं रील दिसलं, तरी हा प्रश्न विसरू नका. धूम्रपानाचा धोका बसण्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. घाबरवून सोडणारी तुलना करायची काही गरज नाही, खरी माहिती पुरेशी गंभीर आहे.

बसल्यावर आत काय होतं?

जेवणानंतर रक्तात साखर वाढते. ती साठवणारं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे आपले स्नायू, आणि शरीरातले मोठे स्नायू मांड्यांमध्ये आणि नितंबांमध्ये असतात. स्नायूंच्या पेशीत साखर शिरायला एक दार लागतं. हे दार दोन किल्ल्यांनी उघडतं. एक किल्ली इन्सुलिन. दुसरी किल्ली म्हणजे स्नायूंचं आकुंचन, म्हणजे साधी हालचाल. तुम्ही चालता तेव्हा इन्सुलिनवर फारसा भार न टाकताही साखर आत ओढली जाते.

जेवून लगेच खुर्चीत बसलात की दुसरी किल्ली खिशातच राहते. सगळं काम इन्सुलिनवर येतं. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, साखर तरीही जास्त वेळ वर राहते. एक दिवस असं झालं तर काही बिघडत नाही. पण आठवड्याचे पाच दिवस, वर्षानुवर्षं हेच चाललं तर पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. पुढे पोटाभोवती आणि यकृतात चरबी, रक्तातले वाढलेले ट्रायग्लिसराइड्स, रक्तदाब आणि टाइप २ मधुमेह हे एकामागून एक येतात. हैदराबादच्या अभ्यासात दिसलेली यकृताची चरबी याच साखळीतली एक कडी आहे.

रक्तवाहिन्यांचंही तसंच. पाय हलले नाहीत की पायातला रक्तप्रवाह मंदावतो. सलग तीन तास बसवून केलेल्या प्रयोगात पायाच्या मुख्य धमनीची गरजेनुसार रुंद होण्याची क्षमता घटलेली दिसली. दर तासाला पाच मिनिटं हळू चालायला लावलं, तेव्हा ती घट टळली.

आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना हे सगळं माहीत नव्हतं, पण शतपावली माहीत होती. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं २०१६ मध्ये मधुमेही लोकांवर प्रयोग केला. दिवसातून एकदाच कधीतरी तीस मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. दोन्हीकडे एकूण चालणं तेवढंच होतं, बदलली ती फक्त वेळ. शतपावली रात्रीपुरती राहिली आणि दुपारच्या डब्यानंतरची निघून गेली, कारण डबा आता मॉनिटरसमोर खाल्ला जातो.

मग जिमचा एक तास पुरतो का?

याचं उत्तर गेल्या दहा वर्षांत बदलत गेलं, आणि ते का बदललं यात तंत्रज्ञानाचा मोठा वाटा आहे.

२०१६ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण आलं. निष्कर्ष असा होता: दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांनी रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम केला, तर बसण्यामुळे वाढलेला मृत्यूचा धोका जवळपास पुसला जातो. पण ही माहिती बहुतांशी लोकांना प्रश्न विचारून गोळा केलेली होती. "रोज किती व्यायाम करता?" असं विचारलं की माणूस हात सैल सोडून सांगतो.

२०२० मध्ये त्याच धाटणीचं विश्लेषण सेन्सर बांधलेल्या ४४ हजारांहून जास्त लोकांवर झालं. आता आकडा आला ३० ते ४० मिनिटांचा. सेन्सर फक्त खरीखुरी हालचाल मोजतो, तोंडी हिशोबात फुगवटा असतो. हा फरक बऱ्याच अंशी मोजमापाचा आहे.

२०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ८९ हजारांहून जास्त लोकांच्या मनगटावर आठवडाभर बांधलेल्या सेन्सरची माहिती आणि पुढच्या सुमारे आठ वर्षांतले आजार जोडून पाहिले गेले. रोज १०.६ तासांहून जास्त बसणाऱ्यांमध्ये हार्ट फेल्युअरचा आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. आठवड्याला १५० मिनिटांची शिफारस पाळणाऱ्यांमध्येही हा धोका पूर्ण गेला नाही. हार्ट अटॅकच्या बाबतीत मात्र व्यायामानं बरीच भरपाई केली.

हे तिन्ही निष्कर्ष वरवर एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे दिवसाला साधारण एकवीस मिनिटं, आणि २०२०चा अभ्यास सांगतो की जास्त बसणाऱ्याला तीस-चाळीस मिनिटं लागतात. त्यामुळे एकत्र वाचल्यावर चित्र असं दिसतं: व्यायाम नक्कीच वाचवतो, पण साडेदहा-अकरा तास बसणाऱ्याला कमीत कमी शिफारस पुरत नाही. २०२४च्या अभ्यासातले लोक सरासरी बासष्ट वर्षांचे ब्रिटिश होते, हेही लक्षात ठेवायला हवं. पंचविशीतल्या मराठी पोराला हाच आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आपल्या बाबतीत धोका कमी असेल असं मानायला काही आधार नाही. उलटच आहे.

आपल्या शरीराचा वेगळा हिशोब

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. म्हणजे चार्टवर दोघंही एकदम नॉर्मल. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबीदार, या भारतीय शरीरप्रकाराचं इतकं सोपं चित्र दुसरं मिळणार नाही.

म्हणूनच भारतीयांसाठी मापं वेगळी आहेत. बीएमआय २३ झाला की वजन जास्त, २५ झाला की लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. अनेक फिटनेस ॲप्स बीएमआय २४.९ पर्यंत 'नॉर्मल'चा हिरवा रंग दाखवतात. त्या हिरव्या रंगावर आपण विसंबून राहू नये.

देशाचं चित्रही बघा. आयसीएमआरच्या पाठबळानं झालेल्या आणि एक लाख १३ हजार लोकांची तपासणी केलेल्या सर्वेक्षणाचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात अंदाजे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. राज्यांमध्ये मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. पोटाचा घेर वाढलेले लोक देशात ३९.५ टक्के.

आणि हालचाल? जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार अपुरी हालचाल करणारे प्रौढ भारतात २००० साली २२ टक्के होते, २०२२ मध्ये ४९ टक्के झाले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. 'घरकामात व्यायाम होतोच की' असं घरोघरी म्हटलं जातं. या मोजणीत घरकामही धरतात, आणि तरीही आकडा एवढा आहे.

फोन आणि घड्याळ नेमकं काय मोजतं?

फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर नावाची छोटी चिप असते. ती तीन दिशांमधले धक्के मोजते. चालताना प्रत्येक पावलाला एक लाट तयार होते, सेकंदाला साधारण दोन. अशी नियमित लाट दिसली की ॲप एक स्टेप मोजतं. चालणं ओळखणं सोपं आहे कारण त्याला ताल आहे.

बसण्याला ताल नाही. टेबलावर चार्जिंगला लावलेला फोन आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खिशातला फोन सेन्सरला जवळपास सारखेच दिसतात. मनगटावरच्या घड्याळाची अडचण वेगळी. उभं राहून टाइप करा किंवा बसून टाइप करा, मनगट तेच सांगतं. बसल्या बसल्या हातवारे करत मीटिंग गाजवली तर घड्याळाला वाटतं, गडी कामाला लागलाय. संशोधनात बसणं नेमकं मोजायचं असेल तर सेन्सर चक्क मांडीवर चिकटवतात. मांडी आडवी असेल तर माणूस बसलेला, उभी असेल तर उभा. इतकं सरळ गणित. पण मांडीवर लावायचं गॅझेट दुकानात कोण घेणार?

त्यामुळे कंपन्यांनी मोजता येण्यासारखी लक्ष्यं ठेवली. दहा हजार स्टेप्सचा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं यंत्र' अशा अर्थाचं होतं. अमेरिकेतल्या सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांच्या २०१९ मधल्या अभ्यासात फायदा ४,४०० पावलांपासूनच दिसला आणि साधारण ७,५०० नंतर फारसा वाढला नाही.

ॲपल वॉचची 'स्टँड' रिंग बघा. तासात किमान एक मिनिट उभं राहून हालचाल केली की तो तास मोजला जातो, आणि बारा तास झाले की रिंग पूर्ण. म्हणजे हिशोबानं दिवसात बारा मिनिटांत रिंग पूर्ण होऊ शकते. फिटबिट तासाला २५० स्टेप्स मागतं, म्हणजे दोन-तीन मिनिटांचं चालणं. ही फीचर्स टाकाऊ नाहीत, काहीच नसण्यापेक्षा बरीच आहेत. पण रिंग पूर्ण झाली याचा अर्थ 'मी आज कमी बसलो' असा होत नाही.

पाच मिनिटांचा प्रश्न

शरीराला नेमका किती मोठा ब्रेक हवा? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानं २०२३ मध्ये यावर प्रयोग केला. लोकांना आठ तास खुर्चीत बसवलं आणि वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे ब्रेक दिले: दर अर्ध्या तासाला एक मिनिट, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं, दर तासाला एक किंवा पाच मिनिटं, आणि एक दिवस काहीच नाही. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं हळू चालल्यावर मोठ्या जेवणानंतरची साखरेची उसळी दिवसभर बसण्याच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी कमी झाली. रक्तदाब मात्र सगळ्याच ब्रेकमध्ये चार-पाच अंकांनी उतरला. भाग घेणारे अकराच जण होते, त्यामुळे ५८ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण याआधी २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगातही दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चालल्यावर साखर आणि इन्सुलिन दोन्ही स्पष्टपणे कमी झालं होतं. दिशा तीच आहे.

आता ही पाच मिनिटं तुमच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवून बघा. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये कीबोर्ड आणि माउस साधारण पाच मिनिटं शांत राहिले की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. म्हणजे शरीराला जेवढा ब्रेक हवा, बरोबर तेवढ्याच वेळात सिस्टिम जाहीर करते की हा माणूस जागेवर नाही.

ठिपका कुणी बघत नाही, असं मॅनेजर म्हणतात. पण बघत नाही यावर कुणाचा विश्वास नसतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याबद्दल डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना काढलं, ही बातमी जगभर गेली. खोटं काम दाखवणं चूकच. पण माउस आपोआप हलवणारी यंत्रं ऑनलाइन सर्रास विकली जातात, यावरून आपली साधनं कशाला काम मानतात ते कळतं. हलणारा माउस म्हणजे काम, हलणारा माणूस म्हणजे गैरहजेरी. कॉल सेंटरमध्ये तर ब्रेकचं मिनिट न् मिनिट नोंदवलं जातं. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रोज सकाळी आमची 'स्टँडअप' मीटिंग असते, आणि तिला सगळे बसलेले असतात.

म्हणून 'जरा उठत जा रे' हा सल्ला अर्धाच आहे. कॅलेंडरवर सलग चार मीटिंग असतील, कॅमेरा चालू ठेवायचा नियम असेल, तर घड्याळानं दर तासाला कितीही टकटक केली तरी माणूस नोटिफिकेशन बाजूला सारतो आणि बसून राहतो. इच्छाशक्तीचा प्रश्न थोडा आहे, दिवसाच्या रचनेचा जास्त आहे.

कायदा तास मोजतो, बसणं नाही

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अंदाज मांडला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. यात ताण, अपुरी झोप, बसणं, अवेळी खाणं हे सगळं मिसळलेलं आहे. सत्तर तास की नव्वद तास, यावर उद्योगपतींची विधानं येतात आणि मीम्स बनतात, तेव्हा हा आकडा शेजारी ठेवायला हवा.

महाराष्ट्राच्या बदलाच्या बाजूनं सरकारनं गुंतवणूक आणि रोजगाराचा मुद्दा मांडला, जादा कामाचा मोबदला मिळेल असंही सांगितलं. तो वाद व्हायलाच हवा. पण कारखान्यांसाठीच्या बदलात सलग कामानंतरची विश्रांती पाच तासांऐवजी सहा तासांनी देण्याची तरतूद आहे. वर पाहिलेले सगळे प्रयोग अर्ध्या तासाच्या, फार तर तासाच्या भाषेत बोलतात, आणि आपण पाच तास की सहा तास यावर बोलतोय.

दुसरा मार्ग अस्तित्वात आहे. ब्रिटनमध्ये १९९३ पासून स्क्रीनवर काम करणाऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत. त्यांचं काम मधूनमधून थांबेल किंवा बदलेल अशी आखणी करणं ही तिथे मालकाची जबाबदारी आहे. तिथली सरकारी यंत्रणा सांगते की दोन तासांनी वीस मिनिटांपेक्षा दर तासाला पाच-दहा मिनिटांचा ब्रेक चांगला. यासाठी कामाचे तास कमी करावे लागत नाहीत. फक्त ब्रेकला कामाचाच भाग मानावं लागतं.

आजपासून काय करता येईल?

• गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये 'स्पीडी मीटिंग्ज' चालू करा. अर्ध्या तासाची मीटिंग २५ मिनिटांची आणि तासाची ५० मिनिटांची होते. आउटलुकमध्येही मीटिंग लवकर संपवण्याचा पर्याय आहे. हे टीमनं मिळून केलं तर कुणाला एकट्याला उठायची लाज वाटत नाही.
• फोनवरच्या ज्या कॉलमध्ये स्क्रीन बघायची गरज नाही, ते चालत घ्या.
• डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं शतपावली. दिवसात एकच बदल करणार असाल तर हा करा.
• घड्याळात फक्त स्टेप्सची बेरीज बघू नका. तासागणिक आलेख उघडा. सकाळी एक उंच खांब आणि मग संध्याकाळपर्यंत सपाट जमीन दिसली, तर दुरुस्ती कुठे करायची ते लगेच कळेल.
• नुसतं उभं राहणं हा उपाय नाही. ८३ हजार ब्रिटिश लोकांच्या २०२४ मधल्या अभ्यासात जास्त उभं राहिल्यानं हृदयविकार कमी झालेला दिसला नाही, उलट फार वेळ उभं राहणाऱ्यांमध्ये पायाच्या शिरा फुगण्यासारखे त्रास वाढलेले दिसले. महागडं स्टँडिंग डेस्क घेण्याआधी हे वाचा. शरीराला हालचाल हवी.
• एक दोरी घ्या, स्वतःच्या उंचीएवढी कापा, अर्ध्यावर दुमडा. ती कमरेभोवती पुरली नाही तर घेर जास्त आहे. मग रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ च्या मध्ये आली तर मधुमेहाचा उंबरठा समजतात, आणि तिथून मागे फिरता येतं. घरात कुणाला मधुमेह असेल तर तिशीची वाट बघू नका.
• छातीत दुखणं किंवा चालताना धाप लागणं असेल, तर ॲप बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. साखरेची औषधं चालू असतील तर व्यायाम वाढवण्याआधी त्यांना विचारा.

यातलं शेवटचं काम ऑफिसात करायचं आहे. पुढच्या टीम मीटिंगमध्ये एवढंच विचारा: दर तासाला पाच मिनिटं जागेवरून उठलेलं चालेल का, आणि तेव्हा ठिपका पिवळा झाला तर कुणी काही म्हणणार नाही ना? मॅनेजर बहुतेक 'हो' म्हणेल. मग ते 'हो' सगळ्यांसमोर, टीमच्या ग्रुपवर लिहून घ्या. तोंडी मिळालेली परवानगी रिलीजच्या आठवड्यात कुणालाच आठवत नाही.